पहिलं हसू खिंकाळीचं

आमच्या मजल्यावरच्या बाईला घटस्फोटानंतर वेड लागलं, ही बातमी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने फोडली. पुरावा पक्का होता. सकाळी न्हाणीघरातून हसण्याचा आवाज येतो, बाई एकटीच हसते. आधी खुदखुद, मग खळखळ, आणि शेवटी घोडं बिथरावं तसं एक लांबलचक खिंकाळणं. मग सामसूम. मग पुन्हा पहिल्यापासून. इस्त्रीवाल्याने ही बातमी कपड्यांबरोबर घडी घालून घरोघर पोचवली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी रात्री दाराला आतून जास्तीची कडी बसवून घेतली. जणू वेड लागलेल्या बायका सगळ्यात आधी निवृत्त मास्तरांवरच झेप घेतात.

बातमी खोटी निघाली तेव्हा आम्हा सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. बाई वेडी नव्हती. बाई सराव करत होती.

हसणं हा तिचा धंदा. टीव्हीवरच्या विनोदी मालिका जिथे होतात, तिथे समोर बाकांवर प्रेक्षक बसवतात आणि त्यांचं हसणं वर टांगलेल्या माइकमध्ये पकडतात. पण बसवलेला प्रेक्षक म्हणजे निव्वळ दगड. कितीही हसू येत असलं तरी पहिलं आपण हसायचं म्हटलं की माणूस शेजारच्याकडे बघतो, आणि शेजारचा ह्याच्याकडे. म्हणून बाकांमध्ये पगारी हसणारे पेरून ठेवतात, आणि त्या पगारी लोकांतही सुरुवात करणारं माणूस एकच. त्या माणसाने तोंड उघडलं की मग बाकीचे पगारी, आणि मग फुकटे. आमची बाई म्हणजे ती सुरुवात करणारी. विनोद कितीही मेलेला असो, तिच्या त्या शेवटच्या खिंकाळण्याने तो उठून बसायचा. 'खिंकाळी' हे नाव मी ठेवलं. इमारतीत कुणाला वाटत असेल की मास्तरांनी ठेवलं, तर ते साफ खोटं आहे.

आता एवढं हसणारी बाई नवऱ्याला का नको झाली? इमारतीत यावर बरीच मतं होती. त्यातलं माझं असं होतं की तो बाबा कधी विनोदच करत नसे, त्यामुळे ती नेमकी कशाला हसते याचा त्याला संशय येत असावा.

नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याचा स्वभाव एका ओळीत सांगता येतो. समोरच्याने मागितलं ते द्यायचं नाही. लग्नाआधी ही त्याच्या दुकानात गेली, गोल फ्रेम मागितली. त्याने चौकोनी काढून नाकावर बसवली. म्हणाला, "तुला गोल नको." हिला वाटलं, अगंबाई, किती हक्काने बोलतो! ते प्रेम समजून बसली. लग्नानंतर खिडकीकडची जागा मागितली की तो खिडकीत बसायचा. पंखा लाव म्हटलं की घालवायचा. पुढे ही शहाणी झाली. पंखा हवा असला की म्हणायची, "किती गार झालंय, नाही?" की पंखा सुरू. अशी दहाएक वर्षं तिने उलटा संसार केला, आणि हे सगळं ती आमच्या हिला हसत हसत सांगायची. शेवटचं खिंकाळणं धरून.

घटस्फोट झाला आणि ती मुलीला घेऊन आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली. तिथे आधीच एक घटस्फोटित बाई तिच्या लेकीबरोबर राहत होती. तिचंही बारसं मीच केलेलं. टाचणी. ही टीव्हीच्या स्टुडिओत कपडेपटात शिवायची. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे ती बोलते कमी, असा सगळ्यांचा समज. खिंकाळीचाही तोच. म्हणून तर तिने मनातलं सगळं टाचणीपाशी ओतलं. टाचण्या तोंडात धरणारी बाई टाचण्या काढूनही ठेवू शकते, हे त्या बिचारीच्या ध्यानातच आलं नाही.

दोन खोल्या, दोन आया, दोन मुली. खिंकाळीची थोरली तेरा सरून चौदात शिरलेली, सदा कपाळाला आठी. टाचणीची धाकटी पुढचे दोन दात पडलेली, सदा तोंड उघडं. न्हाणीघर एक, आरसा एक, आणि फ्रीज नाहीच. त्यांचं दूध आमच्या फ्रीजमध्ये असायचं. रोज सकाळी दार वाजायचं. "वहिनी, दूध." मग दूध घेता घेता पाऊण तास आमच्या दारात. दोघी एकमेकींचे ब्रश वापरायच्या, मग भांडायच्या, मग एकीच्या ब्रशला लाल दोरा बांधला, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही ब्रशांना लाल दोरा. हे कोणी केलं यावर आठवडाभर अबोला. अबोल्यातही जेवायला एकाच ताटलीत घ्यायच्या, कारण ताटल्या घासायची पाळी कुणाची ते ठरत नव्हतं.

आणि मग ती मालिका आली. 'नवरा वजा.' दोन घटस्फोटित आया एका घरात राहतात. त्यांचं घर म्हणजे नुसतं स्वयंपाकघरच आमच्या गच्चीएवढं. दोघी नट्या सकाळी उठतात त्याच मुळी केस विंचरलेल्या. टाचणी त्या मालिकेच्या कपडेपटात लागली, आणि तिच्याच शब्दावर खिंकाळी त्या बाकांवर. तेव्हा खिंकाळीने टाचणीच्या गळ्यात पडून आमच्या हिला सांगितलं होतं, "बहीणसुद्धा एवढं करत नाही हो, वहिनी."

दुसऱ्याच भागात ब्रशाला लाल दोरा निघाला.

आम्ही सगळे टीव्हीसमोर उडालोच. खिंकाळी मात्र खूश. "आमच्यासारखंच आहे की हो! सगळीकडे असंच असणार मेलं." पुढच्या भागात एकाच ताटलीतला अबोला आला. त्याच्या पुढच्या भागात, खिंकाळी दर दुसऱ्या रविवारी चष्मेवाला मुलीला न्यायला आला की नवी साडी नेसून, अत्तर लावून, कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरते, ते आलं. हे तर आम्ही सगळेच गॅलरीतून बघायचो. आमचा हक्काचा कार्यक्रम होता तो. उंच टाचांचे सँडल, हातात बादली, आणि चेहऱ्यावर 'सहज कचरा टाकायला आले' असा भाव. चष्मेवाला तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. टीव्हीवर नटी बादली घेऊन जिन्यात घसरली, आणि मागून हसण्याची लाट आली. त्या लाटेच्या टोकाला ते खिंकाळणं स्पष्ट ऐकू आलं.

मी दुसऱ्या दिवशी दारात विचारलं, "काय हो, स्वतःवरच हसलात की काल!"

ती म्हणाली, "ती नटी होती, भाऊजी. मी कधी घसरले?"

खरंच होतं. ती कधी घसरली नव्हती. पुढच्या रविवारपासून मात्र कचरा धाकटी खाली नेऊ लागली.

आता मुख्य गोष्ट. चष्मेवाल्याने दुसरं लग्न केलं, मोठं घर घेतलं, आणि कोर्टात अर्ज टाकला की मुलगी आता माझ्याकडे द्या. न्यायाधीशबाई म्हणाल्या, मुलगी मोठी झाली, तिलाच विचारू. म्हणजे एका खोलीत बसवून थोरलीला विचारणार, बाळ, तुला कुठे राहायचंय. ती सांगेल तिथे ती राहणार. तारीख पडली.

खिंकाळीच्या तोंडचं पाणी पळालं. कारण पोरीचा रंग काही खरा नव्हता. बापाकडे स्वतंत्र खोली, दाराला आतून कडी. इथे टाचणीमावशीचे कापडाचे तुकडे उशाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईचं हसणं. शाळेत पालकांच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी काहीतरी बारीकसा विनोद केला आणि खिंकाळीने सवयीने सुरुवात केली. सभागृहात एकटीच. थोरली आठवडाभर शाळेत मान वर करून चालली नाही. "आई, तू माणसासारखी हसू शकत नाहीस का?" हे भिंतीतून आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. भिंती पातळ आहेत. आणि आम्हीही जरा सरकून बसलो होतो.

त्यानंतर त्या बाईने घरी हसणं बंद केलं. न्हाणीघरातला सरावही बंद. पोरीसमोर कुणी काही बोललं तर ओठ दाबून नाकाने श्वास सोडायची, जशी शिटी न झालेल्या कुकरची वाफ. "तारखेपर्यंत," ती आमच्या हिला म्हणाली, "एकदा ती 'आई' म्हणाली ना तिथे, की मग मी मरेपर्यंत हसेन." आमची ही म्हणाली, "म्हणेल हो." आणि दार लावून मला म्हणाली, "नाही म्हणणार."

तारखेच्या आधीच्या आठवड्यात टाचणीने बातमी आणली. धाकटीला 'नवरा वजा'त काम मिळालं. एकच प्रसंग, एका बाकावर बसायचं. पण टीव्हीवर दिसणार! सगळ्यांनी चित्रीकरण बघायला यायचं. थोरलीनेही यायचं, मावशीचा हट्ट. खिंकाळीला वाटलं, बरंच झालं. पोरीला दिसू दे आपली आई काय काम करते. चारशे माणसं हिच्या हसण्यावर हसतात, हे बघून आठी जरा सैल होईल. आम्हालाही पास मिळाले. फुकटचं आम्ही कधी सोडत नाही.

दुपारची वेळ. आत गारठा, बाकं कडक. खिंकाळी तिच्या ठरलेल्या जागी, मधोमध. थोरली आमच्या हिच्या शेजारी, दोन ओळी मागे. दिवे लागले. समोर कोर्टाचा व्हरांडा उभा केलेला. हिरवा बाक. बाकाच्या टोकाला धाकटी, गळ्यात पाण्याची बाटली अडकवून. नटी आली, लंगडत. तिच्या सँडलचा पट्टा तुटलेला होता, आणि तो निळ्या रिबिनीने बांधलेला होता.

मला काहीच कळलं नाही. पण आमच्या हिच्या पलीकडे थोरली एकदम ताठ झाली. "ती माझी रिबीन आहे," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "म्हणजे तशीच. मी दिली होती आईला. कोर्टात."

नंतर आम्हाला सगळं समजलं. घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात खिंकाळीचा सँडल तुटला होता. लेकीने वेणीतली रिबीन सोडून दिली, हिने पट्टा बांधला, आणि लेकीला पाण्याची बाटली भरायला पाठवलं. हे तिघींनाच माहीत. आई, मुलगी आणि जिच्यापाशी आईने मन ओतलं ती टाचणी. ती रिबीन नटीच्या सँडलला टाचणीनेच स्वतःच्या हाताने शिवली होती. घरातल्या गोष्टी मालिकेच्या लेखकाला देऊन तिने आपल्या लेकीसाठी तो बाक मिळवला होता.

खिंकाळीने रिबीन पाहिली आणि पुढे काय येणार ते तिला कळलं. मला तिचा चेहरा नाही, मान दिसत होती. ती मान दगड झाली.

नटी नवऱ्यावर ओरडली, "फ्रीज मी नेणार! मुलगी ठेव तुला!"

हसण्याची जागा. हसायची खूण म्हणून वरचा दिवा लागला. कोणीच हसलं नाही. पगारी लोक खिंकाळीकडे बघताहेत, फुकटे पगारी लोकांकडे. खिंकाळी गप्प. कुणीतरी खोकलं. दिग्दर्शक वरून ओरडला, "पुन्हा!"

पुन्हा नटी लंगडत आली. पुन्हा, "फ्रीज मी नेणार! मुलगी ठेव तुला!" पुन्हा शांतता. मागे थोरली दोन्ही हातांनी बाकाची कड धरून आईच्या पाठीकडे बघत होती. फ्लोअर मॅनेजर वाकून खिंकाळीच्या कानाशी आला. "बाई, तब्येत बरी आहे ना? काय चाललंय?" तिने मान हलवली. ती हो होती की नाही, कुणास ठाऊक. मी आमच्या हिला कोपर मारलं. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. एवढी मोठी मोटार, आणि किल्ली फिरेना.

तिसऱ्यांदा. नटी आता चिडलेली, त्यामुळे वाक्य छान आलं. "फ्रीज मी नेणार! मुलगी ठेव तुला!"

आणि बाकावरच्या धाकटीला, जिला काही बोलायचंच नव्हतं, खरंच काळजी वाटली. ती दोन पडक्या दातांमधून म्हणाली, "पण मी फ्रीजमध्ये बसले तर?"

खिंकाळी हसली.

ती ठरवून हसली असती तर मी समजू शकलो असतो. पण ते आतून आलं. इतके दिवस घरी दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. खुदखुद नाही, खळखळ नाही, थेट खिंकाळणं. त्याच्यामागे पगारी, त्यांच्यामागे चारशे फुकटे, मीसुद्धा. अंगावर लाट यावी तसं. ते थांबेचना. नटी हसली, नवरा हसला, दिग्दर्शक वर टाळ्या वाजवायला लागला. खिंकाळी दोन्ही हातांनी तोंड दाबत होती, आणि बोटांमधून ते बाहेर येतच होतं. डोळ्यांतून पाणी, पण थांबत नव्हतं. हसून आलेलं की कसलं, ते मला विचारू नका.

थोरली उठली. ओळीतल्या लोकांनी हसता हसताच गुडघे बाजूला घेतले, आणि ती गेली.

घरी आल्यावर भिंतीतून आवाज आला. आम्ही तयारच होतो.

"तू असं म्हणाली होतीस?"

"हो."

"अगदी असंच?"

"हो."

"आणि आज हसलीस."

मग टाचणीचा आवाज आला, टाचण्या नसलेल्या तोंडाचा. "अगं, मला वाटलं तुला हसू येईल. तूच मला सांगताना हसली होतीस ना."

तारखेला थोरली त्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती बापाच्या बाजूने. चष्मेवाला व्हरांड्यात विजयी वीरासारखा उभा. खिंकाळीने पोरीचं दप्तर त्याच्या हातात द्यायला पुढे केलं, तर त्याने घेतलं नाही. मग तिने ते खाली ठेवलं. तेव्हा उचललं त्याने.

टाचणी आणि खिंकाळी अजून त्याच दोन खोल्यांत आहेत. जाणार कुठे? मध्ये एक पडदा टाकलाय. टाचणीनेच शिवला. बोलणं बंद, ताटल्या आता दोन. धाकटीला आणखी एक काम मिळालंय.

तो भाग मागच्या आठवड्यात लागला. इमारतीत एकही टीव्ही बंद नव्हता. फ्रीजचं वाक्य आलं, धाकटीचं वाक्य आलं, आणि मग ते खिंकाळणं आलं, प्रत्येक घरातून एकदम, एका क्षणाचाही फरक नाही. चष्मेवाल्याच्या मोठ्या घरातही टीव्ही असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मीच उघडलं. आता दूध अर्धंच असतं. मी बाटली काढून दिली. आणि माझी जीभ, ती कधी माझ्या ताब्यात असते?

"काय हो," मी म्हटलं, "शेवटी ना मुलगी, ना फ्रीज. एवढं कोर्टात घसा फोडून फ्रीज मागितलात, तो तरी पदरात पाडून घ्यायचा होता. आमची गैरसोय टळली असती."

आतून आमची ही ओरडली, "अहो, गप्प बसा!"

खिंकाळीने बाटली काखेत धरली. चौकोनी चष्मा नाकावर वर सरकवला. हसली नाही.

"भाऊजी, मी मुलगी मागितली असती तर फ्रीज माझ्याकडे आला असता."

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. उलटा संसार आठवला, पंखा आठवला. आमची ही हात पुसत बाहेर आली. "अगं बये! मग हे त्या पोरीला का नाही सांगितलंस? एवढंच सांगायचं होतंस!"

"काय सांगू, वहिनी? तुझ्या बापाने तुला सोडून फ्रीज उचलला? तोच फ्रीज तिला आता रोज उघडायचाय."